‘दहा मिनिटांचे काम’ म्हणणाऱ्या वाचकांस उत्तर

रिजन लॉक, म्हणजे दुसऱ्या प्रदेशाचे खेळ चालू न देणारे कुलूप, असलेल्या जुन्या गेम कन्सोलवर परदेशी खेळ कसे खेळावेत, या माझ्या लेखावर तुम्ही दिलेली प्रतिक्रिया मी तीन वेळा वाचली आणि एक रात्र मध्ये जाऊ दिली. वाचताक्षणी लिहायला बसले असते, तर त्यातले बरेचसे नंतर मागे घ्यावे लागले असते. ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ज्या प्रदेशाचे खेळ खेळायचे आहेत त्याच प्रदेशाचा कन्सोल घेणे हा पहिला मार्ग, अडॅप्टर किंवा बूट डिस्क, म्हणजे यंत्र न उघडता कुलूप ओलांडणारे जोड-कार्ट्रिज किंवा आधी चालवायची डिस्क, हा दुसरा आणि कन्सोल उघडून मॉडचिप, म्हणजे कुलपाला फसवणारी छोटी चिप, बसवणे हा शेवटचा, असा क्रम मी सुचवला होता. तुम्ही हा क्रम उलटा असावा असे म्हणता, सेगाच्या मेगा ड्राइव्ह कन्सोलबाबतची माझी एक चूक दाखवता, दुसरा कन्सोल म्हणजे जागेचा अपव्यय आणि म्हातारे होणारे दुसरे यंत्र असे बजावता, आणि मॉडचिपच्या कायदेशीरपणाबद्दल मी उगाच संशय पेरला असा आरोप करता.

या सगळ्याला उत्तरे देता येतात. परंतु तुमच्या प्रतिक्रियेतले तिसरे वाक्य असे आहे: ‘लेखिकेने सोल्डरिंग आयर्न कधी हातात धरलेले दिसत नाही; मॉडचिप हे दहा मिनिटांचे काम आहे आणि असले लेख नवख्यांना उगाच घाबरवतात.’ मतभेद मला चालतात, किंबहुना त्यांच्यासाठीच मी प्रतिक्रियांची सोय ठेवली आहे. पण ज्या व्यक्तीला तुम्ही ओळखत नाही, तिच्या हातांनी काय केले आणि काय केले नाही याचा निवाडा एका वाक्यात करण्याचा अधिकार तुम्हांला कोणी दिला, हे मला समजलेले नाही. लेखातला कोणता दावा चुकीचा आहे ते दाखवण्याऐवजी लेखिकाच अडाणी आहे असे म्हणणे सोपे असते. तुम्ही ते सोपे काम केले आहे.

म्हणून हातांविषयीच सांगते. मी पहिली मॉडचिप बसवली ती युरोपातल्या, म्हणजे पाल या तिथल्या टीव्ही पद्धतीच्या, प्लेस्टेशनमध्ये. जपानी डिस्क आणि युरोपी डिस्क यांत ते यंत्र फरक कसा ओळखते, हे मी आधी नीट वाचून घेतले होते. डिस्कच्या आतल्या कडेजवळच्या भागात मार्गिकेला मुद्दाम दिलेल्या सूक्ष्म नागमोडीत चार अक्षरे दडवलेली असतात. जपानी डिस्कवर ‘एससीईआय’, अमेरिकी डिस्कवर ‘एससीईए’ आणि युरोपी डिस्कवर ‘एससीईई’. यंत्राला आपल्या प्रदेशाची अक्षरे मिळाली नाहीत तर ते डिस्क नाकारते, आणि मॉडचिप नेमकी तीच अक्षरे त्याला बाहेरून पुरवते. कल्पना इतकी सुबक आहे की मला त्या रात्री झोप लागली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी झाकण उघडले, बोर्डावरचा क्रमांक पाहिला, त्या क्रमांकाची आकृती समोर ठेवली आणि काम सुरू केले. तिसऱ्या तारेला मी आयर्न गरजेपेक्षा काही क्षण जास्त टेकवले आणि बोर्डावरची तांब्याची टिकली सोल्डरबरोबर उचलून आली. तांदळाच्या दाण्याहून लहान अशा त्या टिकलीच्या जागी केसासारखी तार जोडून मार्गिका पुन्हा जुळवण्यात माझे दोन दिवस गेले. यंत्र वाचले. ‘दहा मिनिटे’ हे शब्द वाचले की मला ते दोन दिवस आठवतात.

दोष माझ्या हाताचा होता हे मी मान्य करते, आणि माझे म्हणणे नेमके तेच आहे. नवख्याच्या हाताचा दोष पहिल्याच यंत्रावर निघतो, आणि ते यंत्र आता कोणताही कारखाना बनवत नाही. पीयू-८, पीयू-१८, पीयू-२२ अशा बोर्डांवर तारा वेगवेगळ्या जागी जोडाव्या लागतात. एका बोर्डाची आकृती दुसऱ्यावर चालत नाही. तुम्ही अनेक यंत्रे उघडली असतील आणि तुमचा हात आता सरावला असेल. मला त्याचा आदरच आहे. पण सरावलेल्या हाताने आपला वेळ मोजून तो पहिल्यांदाच आयर्न धरणाऱ्याला सांगावा, हे मला बेजबाबदारपणाचे वाटते, आणि तसे म्हणताना मी शब्द मवाळ करणार नाही.

या कहाणीचा पुढचा भागही तुम्ही ऐकायला हवा. यंत्र सुरू झाल्यावर काही आठवडे मी आनंदात जपानी खेळ खेळले, आणि मग एक मूळ, शिक्क्याची, परदेशाहून मागवलेली डिस्क सुरू होताच थांबली. त्या काळच्या साध्या मॉडचिपा ती अक्षरे अखंड पाठवत राहत असत, आणि नंतरचे काही खेळ अक्षरे जिथे यायलाच नकोत तिथे ती येतात का हे तपासून मॉडचिप पकडत. सुरुवातीला काम आटोपून गप्प बसणाऱ्या चिपा पुढे आल्या, पण त्या बसवायच्या म्हणजे जुनी काढायची, आणि त्या दुरुस्त केलेल्या टिकलीला पुन्हा हात लावण्याचे धाडस मला झाले नाही. त्यातच पाल यंत्रावरून जपानी खेळाचे चित्र साध्या कंपोझिट तारेने, म्हणजे सगळे चित्र एकत्र नेणाऱ्या तारेने, कृष्णधवल येत होते. रंगांसाठी मला लाल, हिरवा आणि निळा वेगवेगळे नेणारी आरजीबी तार घ्यावी लागली. शेवटी मी जपानी प्लेस्टेशन घेतले, आणि तीच डिस्क, रंगांसह, पहिल्या प्रयत्नात चालली. मूळ लेखातला क्रम या अनुभवातून आलेला आहे, भीतीतून नव्हे.

अडॅप्टर मी दुसऱ्या क्रमांकावर का ठेवला, याविषयी तुम्ही काही विचारलेले नाही, तरी इथे सांगणे गरजेचे आहे, कारण कुलूप उघडले म्हणजे सगळे झाले असा समज तुमच्या प्रतिक्रियेत सर्वत्र दिसतो. पाल सुपर निन्टेन्डोवर जपानी कार्ट्रिज अडॅप्टरमधून चालवले, तर मागच्या खाचेत बसवलेले स्थानिक कार्ट्रिज कुलूप उघडून देते. पण यंत्र ५० हर्ट्झवरच, म्हणजे पडदा सेकंदाला ५० वेळा रंगवत, चालत राहते आणि ६० हर्ट्झसाठी रचलेला खेळ सुमारे एक षष्ठांश मंदावतो. ज्याने तो खेळ कधी योग्य वेगात पाहिलेला नाही त्याला हे कळणारही नाही, आणि मला त्याचेच सर्वांत वाईट वाटते. सेगाच्या सॅटर्नवर रिजन लॉक ओलांडणारे कार्ट्रिज उत्तम चालते, मात्र ‘किंग ऑफ फायटर्स ९५’ सारख्या खेळाला खेळाचा काही भाग साठवलेले स्वतःचे रॉम कार्ट्रिज त्याच एकमेव खाचेत हवे असते, म्हणजे दोहोंपैकी एकच आत जाऊ शकते. निन्टेन्डोच्या वी कन्सोलसाठी निघालेली बूट डिस्क २००८ च्या ३.३ या अद्यतनानंतर निकामी झाली. आणि निन्टेन्डोच्याच गेमक्यूबवर दुसऱ्या प्रदेशाचा खेळ चालवला की जुन्या नोंदी असलेले मेमरी कार्ड यंत्राला ओळखता येत नाही आणि ते पुसून घ्यायचे का असे विचारते. तिथे घाईत ‘हो’ म्हणणाऱ्याच्या कित्येक तासांच्या नोंदी जातात. प्रत्येक प्रदेशासाठी वेगळे कार्ड ठेवावे, हे मी लेखात ठळक अक्षरांत लिहिले होते.

मी सगळ्याच फेरफारांच्या विरोधात आहे हाही तुमचाच शोध. अमेरिकी सुपर निन्टेन्डोच्या खाचेतले दोन प्लास्टिकचे दात काढून टाकले की सुपर फॅमिकॉमचे, म्हणजे त्याच यंत्राच्या जपानी आवृत्तीचे, कार्ट्रिज आत बसते, कारण त्या दोन प्रदेशांत कुलपाची चिप वेगळी नाही. ते काम मी स्वतः केले आहे आणि लेखात त्याची शिफारसही आहे. बोर्डाला हात न लावता होणारे काम आणि बोर्डावर सोल्डर ओतून होणारे काम यांत मी फरक करते, इतकेच.

मेगा ड्राइव्हबाबत तुमचे बरोबर आहे. तिथे कुलूप केवळ कार्ट्रिजच्या आकाराचे असते असे मी लिहिले होते. नंतरच्या काही खेळांत प्रदेशाची तपासणी प्रोग्रॅममध्येच असते, आणि अशा खेळाचे कार्ट्रिज खाचेत नीट बसले तरी तो पडद्यावर नकाराचा संदेश दाखवून थांबतो. ही चूक दाखवल्याबद्दल आभार.

उरलेल्या मुद्द्यांवर फार लिहिण्यासारखे नाही. दुसरा कन्सोलही जुनाच असतो आणि त्याचीही लेझर थकते हे खरे, पण जुन्या यंत्रांच्या छंदात हे गृहीतच आहे. जागेचा प्रश्न ज्याचा त्याने सोडवावा. कायद्याबद्दल मी संशय पेरला नव्हता. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने २००५ मध्ये प्लेस्टेशनच्या मॉडचिपांबाबत सोनीच्या विरोधात निकाल दिला, आणि युरोपीय न्यायालयाने २०१४ मध्ये निन्टेन्डोच्या खटल्यात संरक्षणाची मर्यादा प्रमाणात हवी असे म्हटले, हे मला ठाऊक आहे. देशोदेशी नियम वेगळे असल्याने आपल्या देशाचा नियम पाहून घ्या, एवढेच एक वाक्य लेखात होते. त्यात तुम्हांला आरोप दिसला, तर तो माझ्या वाक्यात नाही.

नवखे घाबरतात असे तुम्ही म्हणता. मला भीती वाटते ती जपानी फॅमिकॉमला त्याच्याच परदेशी आवृत्तीचा, म्हणजे निन्टेन्डो एन्टरटेनमेंट सिस्टिमचा, विजेचा अडॅप्टर जोडणाऱ्या नवख्याची, कारण त्या अडॅप्टरमधून ९ व्होल्ट एसी प्रवाह येतो, फॅमिकॉमला डीसी लागतो, आणि जोडणीचे टोक मात्र दोन्हीकडे बिनतक्रार बसते. ही इशाऱ्याची ओळ मी लेखात घातली म्हणून कोणी मला घाबरवणारी म्हणत असेल, तर ते मी ऐकून घेईन.

मेगा ड्राइव्हचे वाक्य आज सकाळी दुरुस्त केले आहे. मॉडचिपचा परिच्छेद होता तसाच राहील. तुम्ही कोणत्या क्रमांकाच्या बोर्डावर, कोणती चिप, दहा मिनिटांत बसवली, ते सविस्तर लिहून पाठवलेत तर मी ते त्या परिच्छेदाखाली तुमच्याच शब्दांत देईन. फक्त त्यात माझ्या हातांविषयीचे वाक्य नसावे.