व्हेंटिलेटर लावलाय, मग डायलिसिस कशाला?

"सिस्टर, आता ह्यास्नी आणि एक मशीन नको. लई हाल झाल्यात."

चौदा वर्षं कोल्हापुरात आयसीयूत नोकरी करतेय. हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आज लिहायला बसले.

गेल्या महिन्यातले काका शिरोळकडचे, आठवड्यातून दोनदा डायलिसिसवर. गावची जत्रा आली, डायलिसिसची एक पाळी चुकली, दुसरी पुढं ढकलली. पाणी मोजून प्यायले, पण रस्सा कुणी मोजतं का आपल्याकडं? वाटीभर तांबडा म्हणजे वाटीभर पाणी, वर मिठानं लागणारी तहान वेगळी. लघवी जवळजवळ बंद. ते पाणी शेवटी फुफ्फुसात उतरलं. पहाटे आडवं होता येईना, रक्तातला ऑक्सिजन ८० टक्क्यांच्या खाली. घशातून श्वासनलिकेत नळी घालून व्हेंटिलेटर लावावा लागला.

मुलाचं म्हणणं, श्वास तर मशीन देतंय, किडनीचं नंतर बघू. घोटाळा इथंच होतो. व्हेंटिलेटर हवा आत ढकलतो, साठलेलं पाणी शरीराबाहेर काढत नाही. भिजलेली वाकळ उचलून बघा, तसं फुफ्फुस जड होतं. ते फुगवायला मशीनलाही जादा दाब लागतो. त्यात किडनी बंद म्हणून रक्तात ॲसिड साठलेलं. ते उतरवायला मेंदू श्वास वाढवत राहतो, पेशंट मिनिटाला ३५-३५ श्वास घेत मशीनशी झुंजतो. डायलिसिस ते पाणी ओढतं आणि बायकार्बोनेट देऊन ॲसिड कमी करतं. म्हणून अशा पेशंटला डायलिसिस हा श्वासाचाच उपचार असतो.

काकांचं ४ तासांत अडीच लिटर पाणी काढलं. मशीनच्या हवेत ८० टक्के ऑक्सिजन ठेवावा लागत होता, तो सकाळपर्यंत ५० वर आला. तिसऱ्या दिवशी नळी निघाली.

सगळ्यांचं असं होत नाही. न्यूमोनिया असेल तर तो डायलिसिसनं बरा होत नाही. बीपी पडतं, म्हणून पाणी घाईनं काढता येत नाही. ताशी, वजनाच्या किलोमागे १३ मिलीच्या आत राहायचं, ही साधारण मर्यादा. पूर्वी डायलिसिसला बायकार्बोनेटऐवजी ॲसिटेटचं द्रावण असायचं, तेव्हा श्वासाला चालना देणारा कार्बन डायऑक्साइड डायलिसिसच्या फिल्टरमधून निघून जायचा, त्यामुळं पेशंटचा स्वतःचा श्वास मंदावायचा आणि ऑक्सिजन उतरायचा. बायकार्बोनेट आल्यापासून तो त्रास बराच कमी झालाय. व्हेंटिलेटरवर तर ठरवलेले श्वास मशीनच देतं.

मला राग येतो तो आम्हा लोकांचाच. रात्री दोन वाजता घाबरलेल्या पोरापुढं कागद धरतो, "इथं सही करा" म्हणतो. पाच मिनिटं बसून वाकळेचं उदाहरण द्यायला काय जातं? त्या रात्री मी दिलं, आणि त्यानं सही केली.

नातेवाइकांनो, तुम्हीही विचारा: किती पाणी काढलं, ऑक्सिजन किती टक्के लागतोय, बीपी टिकतंय का. आणि पैशापायी पाळी चुकवत असाल, तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र असतात, रेशनकार्ड घेऊन त्यांना उद्याच भेटा.