‘वार गाळून घेते’ म्हणे!

‘गरोदरपणात कधीमधी ग्लासभर वाइन चालते. अल्कोहोल वार गाळून घेते, पहिले तीन महिने सांभाळले की पुरे, आणि मूल गुटगुटीत जन्मलं तर विषय संपला.’ हा मजकूर सध्या भलताच फिरतोय.

आधी वारेचं, म्हणजे गर्भाला आईशी जोडणाऱ्या प्लासेंटाचं. अल्कोहोलचा रेणू इतका लहान असतो की वार त्याला अडवू शकत नाही. थोड्याच वेळात बाळाच्या रक्तातलं प्रमाण आईच्या जवळपास पोचतं. ते मोडायची बाळाच्या यकृताची कुवत फार थोडी. शिवाय गर्भजलात उतरलेलं अल्कोहोल बाळ पुन्हा गिळतं.

तीन महिन्यांचं म्हणणं अर्धवट आहे. चेहऱ्याची ठेवण बिघडते ती मुख्यतः सुरुवातीच्या आठवड्यांत. मेंदू मात्र नऊही महिने घडत असतो. नवजात उंदरांचा मेंदू साधारण माणसाच्या शेवटच्या तिमाहीच्या टप्प्यावर असतो. अशा पिल्लांना अल्कोहोल दिल्यावर मेंदूतल्या असंख्य पेशी आपणहून मरतात, हे 2000 साली प्रयोगात दिसलं.

आणि गुटगुटीत बाळ? सगळ्यात फसवा मुद्दा हाच. गर्भात अल्कोहोलचा फटका बसलेल्या बहुतेक मुलांच्या चेहऱ्यावर काहीच खूण नसते. इजा आत असते, उदाहरणार्थ मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसमध्ये. जागा आणि वाटा लक्षात ठेवणारा हा भाग. त्याची परीक्षा घ्यायला मेंदूशास्त्रज्ञ रिचर्ड मॉरिस यांनी 1981 मध्ये एक झकास युक्ती मांडली: गढूळ पाण्याचा हौद, पाण्याखाली लपवलेला चौथरा आणि आजूबाजूच्या खुणांवरून तो शोधणारा उंदीर. 2003 मध्ये असाच हौद संगणकावर उभा करून गर्भ-अल्कोहोल सिंड्रोम असलेल्या मुलांना त्यात ‘पोहायला’ लावलं. चौथरा दिसत असला की ती इतर मुलांसारखीच थेट पोचत. लपवला की लांबलांबच्या वाटांनी भटकत. म्हणजे अडचण नजरेची नव्हती, जागा लक्षात ठेवण्याची होती. असं काही पाळण्यातल्या बाळाकडे बघून कसं कळणार?

राहिली ‘फक्त वाइन’. 12 टक्क्यांची 150 मिलिलिटर वाइन आणि 40 टक्क्यांची 45 मिलिलिटर व्हिस्की यांत अल्कोहोल जवळजवळ सारखंच. अगदी थोड्या प्रमाणाबद्दलचे अभ्यास एकमताचे नाहीत, हे खरं. पण त्यातून ‘चालतं’ असा निष्कर्ष निघत नाही. सुरक्षित मर्यादा कोणालाच ठरवता आलेली नाही.

दिवस राहिल्याचं कळण्याआधी कोणी प्यायली असेल, तर घाबरवून उपयोग नाही. डॉक्टरांना सांगावं आणि पिणं तिथेच थांबवावं. मेंदूची वाढ पुढेही चालूच असते, त्यामुळे थांबण्याचा फायदा कोणत्याही महिन्यात होतो.