दिव्याचं भरीत

भरिताच्या वांग्याबाबत खानदेशी माणूस कोणाचंही ऐकत नाही. वांगं हिरवट, लांबट, बामणोदकडचंच हवं. भाजायचं ते पऱ्हाटीवर, ठेचायचं ते लाकडी बडगीत. मिक्सरचा आवाज आला तर पाहुणा ताटावरून उठेल. हाच माणूस भंगारातून एखादा जुना अंबर दिवा, म्हणजे गाडीच्या टपावर गरगर फिरणारा दिवा, घरी आणतो, त्यात ट्रकचा बल्ब, मिक्सरचा कार्बन, टेपरेकॉर्डरची गरारी आणि सायकलची ट्यूब कोंबतो आणि वर म्हणतो, "फिरस ना भो? मग बस झालं!"

तुम्हीही याच पंथाचे असाल तर पुढचं मार्गदर्शन तुमच्यासाठी आहे. जुना दिवा नीट करणं अवघड नाही, पण त्यात वेळ जातो. बिघडवणं एका दुपारचं काम आहे, आणि ते पद्धतशीर व्हायला हवं.

माल मिळण्याची चिंता नको. २०१७ च्या १ मेपासून, म्हणजे नेमक्या महाराष्ट्र दिनापासून, मंत्र्यासंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे उतरले. त्याआधीही जुने बंब आणि मॅटाडोर रुग्णवाहिका मोडीत निघतच होत्या. दिवा हाती आला की पहिलं काम असं करा: बुडाला पत्र्यावर जो छाप असतो, १२ व्होल्ट, २४ व्होल्ट, एवढे वॅट, तो तारेच्या ब्रशने खरवडून काढा आणि वर रेड ऑक्साइडचे दोन हात मारा. आता तो दिवा कोणत्या गाडीचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही आणि पुढच्या सगळ्या चुका मोकळेपणाने करता येतील.

व्होल्टेजपासून सुरुवात करू. जीपला १२ चालतात, मोठ्या ट्रकला आणि बंबाला बहुधा २४, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपला तर ६. तुमच्याकडे बंबाचा दिवा आणि मामांची जीप असेल तर जोडून मोकळे व्हा. मोटर निम्म्या वेगाने फिरेल. बल्बचा प्रकाशही निम्मा होईल असं वाटत असेल तर तो भ्रम आहे. तारेच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण साडेतीनाव्या घाताने उतरतो, म्हणजे निम्म्या व्होल्टेजवर दहावा हिस्सा उरतो. तेवढ्या उजेडात देवघर छान दिसतं. उलट केलंत, १२ चा दिवा २४ वर लावलात, तर बल्ब 'टप्' म्हणून एकदाच हसेल. मोटर बिचारी दुप्पट वेगाने पळत राहील, आधी कार्बन खाईल, मग कॉम्युटेटर, म्हणजे कार्बन ज्यावर घासतात ते तांब्याचं कडं.

हुशार लोक यावर तोडगा काढतात: १२ चे दोन बल्ब मालिकेत जोडले की २४ झाले! हिशोब बरोबर आहे, दोन्ही बल्ब जुळे असले तर. तुम्ही मात्र एक ५५ वॅटचा हॅलोजन घ्या आणि दुसरा ब्रेक लाइटचा २१ वॅटचा. मालिकेत छोट्या बल्बचा रोध जास्त, म्हणून व्होल्टेजचा मोठा वाटा तोच ओढतो. २४ पैकी १७ हून जास्त त्याच्या वाट्याला येतात. आधी तो जातो, आणि साखळी तुटल्यावर मोठाही विझतो. मग तुम्ही मोठा बल्ब बदलायला घेता. बरोबर दिशेने चालला आहात.

आता बल्बची जागा. या विषयावर जरा थांबू, कारण निम्मे दिवे इथेच मरतात. जुन्या फिरत्या दिव्यात बहुधा बल्ब स्थिर उभा असतो आणि त्याच्याभोवती आरसा फिरतो. आरशाचा केंद्रबिंदू ठरलेला असतो आणि बल्बची तार नेमकी तिथे यावी लागते. एच-१ या मापाच्या हॅलोजन बल्बची तार बुडापासून २५ मिलिमीटरवर असते, एच-३ ची १८ वर, आणि पिनवाल्या २१ वॅटच्या बल्बची जवळजवळ ३२ वर. एवढ्याशा फरकाने काय होतंय? एच-१ च्या जागी एच-३ पत्र्याच्या पट्टीने बांधून बघा. तार केंद्राच्या ७ मिलिमीटर खाली गेली की झोत वर उचलला जातो. समोरच्या ट्रकवाल्याला काही दिसणार नाही; पिंपळावर लटकलेल्या वटवाघळांना मात्र तुमच्या आगमनाची पूर्वसूचना मिळेल. ३२ वाला घातलात तर झोत खाली, थेट बॉनेटवर. बॉनेटचा रंग चांगला असेल तर हाही पर्याय वाईट नाही.

बल्ब बसवण्याआधी भरीत जरूर खा आणि हात धुऊ नका. हॅलोजनची क्वार्ट्झ काच तेलाचा ठसा सोडत नाही. ती जागा तापून पांढरी पडते, फुगते आणि बल्ब वेळेआधी जातो. बोटाला शेंगदाण्याचं तेल असल्यास उत्तम.

"आजकाल एलईडी असतो ना," असं कोणी म्हणालं तर त्याचंही ऐका. एच-१ च्या मापाचा एलईडी बल्ब मिळतो. त्याच्या चपट्या दांडीवर दोन बाजूंना चिप असतात. तार चारही बाजूंना उजेड देते, ही दांडी फक्त दोन. आरसा चिपसमोर आला की लख्ख, दांडीच्या कडेसमोर आला की मिणमिण. म्हणजे पुढून आणि मागून दिवा जोरात, डावीउजवीकडून गायब. चौफुलीवर नेमकं आडव्या रस्त्याने येणाऱ्याला सावध करायचं असतं. त्याला आश्चर्याचा आनंद मिळू द्या.

मोटर बंद पडलेली असेल तर शंभरातल्या बहुतेक वेळा तिला फक्त साफसफाई आणि नवे कार्बन हवे असतात. हे विसरा. घरच्या जुन्या मिक्सरमधून कार्बन काढा, कानशीने घासून मापात आणा. मूळ कार्बनकडे नीट पाहिलंत तर त्यात तांब्याची तांबूस चमक दिसते. कमी व्होल्टेजच्या मोटरला तांबंमिश्रित, कमी रोधाचा कार्बन लागतो तो यासाठीच. मिक्सरचा कार्बन काळाकुट्ट आणि जास्त रोधाचा. दोन कार्बनवर मिळून एक-दोन व्होल्ट गळाले तर २३० व्होल्टच्या मिक्सरला पत्ताही लागत नाही, १२ व्होल्टच्या मोटरचा मात्र सहाव्या हिश्श्यापर्यंत वाटा कापला जातो. कार्बनमागची स्प्रिंग हरवली असेल तर बॉलपेनची घाला. ती तापून मऊ पडते आणि तिसऱ्या दिवशी दाब सोडते. मग दिवा फिरवायला छतावर टपली मारावी लागते. टपलीवर चालणारा दिवा म्हणून नाव होईल.

कार्बन घासायचा कंटाळा आला असेल तर सरळ वायपरची मोटर बसवा. ती ताकदवान आहे, बारा महिने मिळते. फक्त ती मिनिटाला ४५ ते ६५ फेऱ्यांसाठी केलेली असते. संयुक्त राष्ट्रांच्या ६५ क्रमांकाच्या वाहन-नियमात अशा दिव्याला मिनिटाला १२० ते २४० लखलखाटांची मर्यादा आहे, आणि एका आरशाचा दिवा एका फेरीला एकदाच लखलखतो. गणित करू नका. खानदेशात समुद्र नाही, त्यामुळे दीपगृह कोणी पाहिलेलं नाही. ती उणीव तुमच्या जीपने भरून निघेल.

गरारीचंही तसंच. मोटरच्या दांड्यावर पितळी वर्म (आटे पाडलेला गिअर) आणि आरशाखाली नायलॉनचं चाक, ही जोडी एकमेकांसाठी कापलेली असते. टेपरेकॉर्डरमधलं किंवा खेळण्यातलं चाक शेजारी धरलं की डोळ्याला सारखंच दिसतं, पण दात ०.५ मॉड्यूलचे की ०.६ चे (मॉड्यूल म्हणजे दाताचं माप) हे डोळा सांगत नाही. दात मोजणं, बाहेरचा व्यास कॅलिपरने घेणं, कागदाची घडी बसेल एवढी मोकळीक ठेवणं, हे सोनाराचे चोचले जळगावच्या सराफ बाजारात राहू देत. तुम्ही चाक दाबून बसवा आणि दांडा ज्यात फिरतो त्या बुशात फेव्हिक्विकचे दोन थेंब सोडा. फेव्हिक्विक बुशात उतरून दांडा आणि बुश यांचं लग्न लावतं. घटस्फोट मिळत नाही.

जुन्या ब्रिटिश घडणीच्या काही गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला असतं. तिथे नेहमीच्या सवयीने जोडलंत तर चुंबकवाली मोटर उलटी फिरते. उलट्या फेऱ्यात काय वाईट, असं वाटेल. पण वर्मचा रेटाही उलटा होतो आणि दांडा त्या टोकाकडे सरकतो जिथे वॉशर कधी घातलेलाच नसतो. महिनाभरात खरखर सुरू होईल. त्यावर उपाय ग्रीस. ज्वारीच्या दाण्याएवढं पुरतं, तेव्हा तुम्ही मूठभर चाकाचं ग्रीस भरा. मे महिन्यात जळगावात पारा ४५ च्या वर गेला की ते पातळ होईल, फिरत्या चाकावरून उडेल आणि आरशावर ठिपके काढेल. ठिपके पुसायला चिंच आणि राख घ्या. आरशावरचा ॲल्युमिनियमचा मुलामा केसापेक्षाही पातळ असतो, दोन घासांत निघतो. पितळेचा तांब्या जसा लखलखतो तसा आरसा मात्र लखलखत नाही, एवढाच फरक.

अमेरिकन पद्धतीचा दिवा, म्हणजे आरसा नव्हे तर सीलबंद बल्बच फिरणारा 'बीकन रे' सारखा प्रकार हाती लागला असेल तर नशीबवान आहात. बिघडवायला जागा जास्त. त्यातला बल्ब 'पार-३६'. हा आकडा इंचाच्या आठव्या भागात मोजलेला व्यास आहे, म्हणजे साडेचार इंच. ट्रॅक्टरच्या कामाच्या दिव्यातला पसरट झोताचा बल्ब त्या कड्यात बसला की समाधान माना: मूळ ४४१६ क्रमांकाचा बल्ब ३० वॅटमध्ये अरुंद, लांब जाणारा झोत टाकतो, तुमचा अंगणभर सांडतो. 'पार-४६' पावणेसहा इंची, तो बसत नाही. कानस आहे ना?

टोपणाचा रंग हा आवडीचा विषय आहे, भौतिकशास्त्राचा नाही, असं धरून चाला. तारेच्या उजेडात तांबडा-पिवळा भाग भरपूर आणि निळा फार थोडा, म्हणून तोच बल्ब लाल टोपणात तडफदार आणि निळ्या टोपणात आजारी दिसतो. पांढराफटक एलईडी लाल टोपणाखाली घातला की फिका गुलाबी, सरबतासारखा. लाल टोपणात लाल एलईडी हे साधं उत्तर आहे, म्हणून ते टाळा. पिवळ्या टोपणात निळा एलईडी घालून पाहा: बॅटरी उतरते, मोटर फिरते, बाहेर मात्र काहीच येत नाही. एवढी शांत आपत्कालीन सेवा दुसरीकडे मिळणार नाही.

टोपण मळलं असेल तर थिनरने पुसा. ॲक्रिलिकवर क्षणात कोळ्याचं जाळं उमटेल. ओल्या पॉलिश पेपरने आधी १०००, मग २००० नंबर, शेवटी पॉलिश, एवढा वेळ कोणाला आहे? तडा गेलेला असेल तर आतून फेव्हिक्विक. त्याच्या वाफेने आजूबाजूला पांढरं धुकं धरतं. रबराच्या पॅकिंगच्या जागी सायकलची ट्यूब कापून लावा, जोड वाऱ्याच्या दिशेला ठेवा आणि बुडाचं पाणी निघायचं भोक एम-सीलने बुजवायला विसरू नका. पहिल्या पावसानंतर दिवा आणि मत्स्यालय असे दोन फायदे.

वायरिंगला दारावरच्या बेलची वायर घ्या, अर्ध्या चौरस मिलिमीटरची. १२ व्होल्टला ५५ वॅटचा बल्ब सुमारे ४.६ अँपिअर ओढतो. बॅटरीपासून दिवा ५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर वायर, आणि तिच्यातच दीड व्होल्टच्या वर गळती. प्रकाश तिथेच साठ टक्क्यांवर. अडीच चौरस मिलिमीटरची वायर घेतली असती तर गळती अर्ध्या व्होल्टच्या आत राहिली असती, रिले टाकला असता तर डॅशबोर्डचा स्विचही वितळला नसता, पण मग सांगायला काय उरलं असतं? फ्यूज साडेसात किंवा दहा अँपिअरचा पुरतो, म्हणून तुम्ही तिथे सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळा. वायर स्वतःच फ्यूजचं काम करेल, ताडपत्रीच्या अगदी खालून. चुंबकाच्या बुडाचा दिवा ताडपत्रीवर चिकटत नाही, हे सांगायची गरज नसावी. पण दर वरातीत कोणीतरी ते नव्याने शोधून काढतो.

कायद्याचं काय? एमएच १८, १९ किंवा ३९, कुठलीही पाटी असो, रस्त्यावर अडवलं तर "व्हिंटेज आहे, साहेब" म्हणा. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगीशिवाय गाडीत केलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे, म्हणून बदल मोजायला लावू नका. तुमच्या दिव्यातच पंधरा निघतील. २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांची खास नोंदणी मिळते खरी. तिची एक अट अशी, की गाडी मूळ रूपात असावी. दिवा दाखवा आणि साहेबांचा चेहरा बघा. सारंगखेड्याच्या यात्रेत, शेडमध्ये किंवा गॅरेजात जीप उभी करून दिवा फिरवत बसायला कोणी अडवत नाही, पण उभ्या गाडीत रुबाब नसतो.

आता बाकावर काय उरलं ते पाहा. मूळ नायलॉनचं चाक, ज्याला नुसतं धुऊन तेलाचं बोट हवं होतं. तांबूस कार्बनची जोडी, अजून अर्धी शिल्लक. एच-१ ची स्प्रिंग, जी तुम्ही 'कशाची तरी' म्हणून बाजूला ठेवली. हे सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि रविवारी भंगारवाल्याला किलोच्या भावाने द्या. तो ते वेगळं काढून खिळ्याला अडकवेल, आणि धुळ्याहून कोणी नेमकं तेच चाक शोधत आला की भाव नगावर सांगेल. तो आलेला माणूस कदाचित तुम्हीच असाल.