‘शिक्का वाचता येत नसेल तर लेख लिहू नयेत’ : या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

बीबी का मकबऱ्याच्या जुन्या चित्रकार्डावरच्या माझ्या लेखाखाली ‘इतिहासप्रेमी’ या टोपणनावाने तुम्ही लांबलचक लिहिलंय. कार्डावर १९१२ चा टपाल शिक्का असताना मी ते १९०५ च्या आसपासचं म्हटलं. बाजारभाव दिले नाहीत. नेटवर स्कॅन फुकट मिळत असताना लोकांना कागदाच्या कपट्यावर पैसे घालवायला लावतो. आणि कार्डाच्या पाठीचा फोटो काळपट आलाय. यातलं शेवटचं एकदम मान्य, फोटो बदलतो.

पण पहिल्या मुद्द्याला ‘शिक्का वाचता येत नसेल तर लेख लिहू नयेत’ हे शेपूट जोडायची काय गरज होती? सरळ विचारलं असतं तर सरळ सांगितलं असतं. शहागंजातल्या रद्दीपासून हैदराबादच्या जुमेरात बाजारापर्यंत गठ्ठे उपसण्यात माझे केस पांढरे झालेत. शिक्का वाचायला मला टोपणनावाआडून शिकवणी नको.

शिक्का सांगतो कार्ड टपालात कधी पडलं. छापलं कधी, हे तो सांगत नाही. १९१२ चा शिक्का म्हणजे कार्ड १९१२ नंतरचं नाही, बस, एवढंच. मी ‘आसपास’ लिहिलं होतं. तो शब्द तुम्ही सोयीने गाळलात.

कार्डाची पाठ बघा. मधोमध उभी रेघ नाही. अख्खी पाठ पत्त्याला दिलेली, आणि पाठवणाऱ्याने मजकूर पुढे चित्राखालच्या पांढऱ्या पट्टीत कोंबलाय. पाठीवर डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता ही मुभा ब्रिटनमध्ये १९०२ साली मिळाली, बाकीच्या देशांत पुढच्या काही वर्षांत. अमेरिकेत तर १९०७ उजाडलं. ही मुभा आल्यावर बिनरेघी पाठ नव्याने कोण कशाला छापेल? छापून ठेवलेला साठा मात्र दुकानात पडून राहायचा आणि सावकाश खपायचा. चित्र त्याहूनही जुनं असू शकतं, कारण एकच निगेटिव्ह वर्षानुवर्षं वापरली जाई. म्हणजे साल तीन: फोटोचं, छपाईचं, टपालाचं. तुम्ही तिन्हींची खिचडी केलीत.

तिकीटही बघा की राव. त्यावर सातवा एडवर्ड आहे, तो १९१० मध्येच वारला. मग मेलेल्या राजाचं तिकीट १९१२ मध्ये कसं, असंही विचारणार का? पोस्टात उरलेली तिकिटं चालत, तशी दुकानात उरलेली कार्डं खपत. आणि औरंगाबाद निजामाच्या राज्यात असताना ब्रिटिश तिकीट कसं, ही शंका यायच्या आत सांगतो: निजामी टपालाची तिकिटं संस्थानापुरतीच चालत. हे कार्ड मुंबईला गेलंय.

नक्कल आहे का, असा संशय असेल तर तो रास्त आहे. तसा माल बाजारात भरपूर फिरतो. दहापट भिंग घ्या. अस्सल फोटोकार्डात ठिपके दिसतच नाहीत आणि तिरप्या उजेडात गडद भागावर चांदीसारखी झाक येते. कोलोटाइप या जुन्या छपाईत बारीक, वेड्यावाकड्या सुरकुत्या दिसतात. हाफटोन या दुसऱ्या जुन्या छपाईत ठिपक्यांची शिस्तीत जाळी असते. एकाच तपकिरी रंगाचं म्हणून विकलेल्या कार्डात निळे, गुलाबी, पिवळे ठिपके दिसले की ते ताजं समजा. मग खोलीत अंधार करून ३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च मारा. कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात उजळवणारी रसायनं आहेत, आणि ती १९५० च्या सुमारास कागदात सर्रास आली. चमकला नाही म्हणून लगेच अस्सल मात्र ठरवू नका. तसा कागद आजही मिळतो. चहात बुडवून पिवळं केलेलं कार्ड सगळीकडे सारखं मळकं दिसतं. खरा जुनेपणा कडांना जास्त असतो, मध्ये कमी.

स्कॅनवर यातलं काहीही करता येत नाही, तेव्हा तिसऱ्या मुद्द्याला वेगळं उत्तर देत बसत नाही. भाव देणार नाही. दिले की दुसऱ्या दिवशी विकणारा तेच तोंडावर मारतो.

जाता जाता तुम्ही स्वतःच्या पाणचक्कीच्या कार्डाचा दाखला दिलात: ‘लॅमिनेट करून ठेवलंय, अजून नव्यासारखं आहे.’ नव्यासारखंच राहणार, आत कोंडलंय ते! बाकीच्यांचं तरी असं करू नका. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरच्या पाकिटात घाला. पीव्हीसीचं पाकीट नको. ते काही वर्षांत चिकट होतं आणि चित्राला धरतं. नोंद पाकिटावर करा, कार्डावर नाही. डबा माळ्यावर ठेवू नका, पत्र्याखाली मे महिन्यात तिथे भट्टी होते. पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी बदलत राहा, कसर लागली का तेही बघा. आणि ते लॅमिनेट केलेलं आता तसंच राहू द्या. इस्त्री लावून सोलायला गेलात तर प्लास्टिकबरोबर पाणचक्कीही निघून येईल.