गाडी कुठंय?

स्कूटर ही गाडी नव्हे, असं मला गेल्या गुरुवारी गोंद्याच्या फाट्यावर चारचौघांत सांगण्यात आलं. सांगणारा पोलीस नव्हता, टोलवालाही नव्हता. तो सिमेंटच्या ठोकळ्यावर बसून शेंगा खात होता.

झालं असं की बायकोचे नागपूरचे मामा समृद्धी महामार्गाने येत होते, मुंबईला निघालेल्या कुणाच्या तरी गाडीतून. त्या भल्या माणसाला खाली उतरून पुन्हा वर चढायचा कंटाळा आला. त्याने मामांना गोंद्याचा रॅम्प सुरू होतो तिथे सामानासकट उतरवलं आणि धूम ठोकली. आमची कार गॅरेजमध्ये. मी कामाला सिन्नरजवळच्या माळेगावच्या एमआयडीसीत. बायकोचा फोन आला, "तू सिन्नरलाच आहेस ना, मग येताना मामांना घेऊन ये." आता माझं घर नाशिकला, म्हणजे उत्तरेला, आणि गोंदे सिन्नरच्याही पुढे पुण्याच्या दिशेला. येताना गोंदे लागायला मला आधी उलटं जावं लागतं. पण हे लग्न झालेल्या माणसाने फोनवर बोलायचं नसतं.

या मामांचं आणि या रस्त्याचं काहीतरी साटंलोटं आहे, असा मला संशय आहे. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा खुला झाला आणि लगेच मामा शिर्डीला दर्शनाला आले. तिथून आम्ही त्यांना आणलं. मे २०२३ मध्ये रस्ता भरवीरपर्यंत आला, मामाही आले. मार्च २०२४, इगतपुरी, मामा. जून २०२५ मध्ये शेवटचा तुकडा भिवंडीजवळच्या आमण्याला टेकला तेव्हा मला वाटलं, आता मामा सरळ मुंबईला जातील. तिथे त्यांचा सख्खा पुतण्या आहे. पण नाही.

तर मी फाट्यावरून आत वळलो आणि शिट्टी वाजली. शिट्टी वाजवणारा गणवेशातला पोरगा होता, मिसरूड नुकतं फुटलेला. शिट्टी वाजवून त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. ठोकळ्यावरच्या आबांकडे बघितलं. पांढरी टोपी, कानावर विडी, मांडीवर शेंगांचा कागद.

"कुढं?" आबा म्हणाले.

"आत. म्हणजे महामार्गावर नाही. टोलच्या पलीकडे पाहुणे उभे आहेत, त्यांना घेतो आणि मागे वळतो."

"गाडी कुठंय?"

मी गाडीवर बसलेलो होतो. तरीही नकळत एकदा खाली बघितलं. "ही काय."

आबांनी शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले, ते चावून होईपर्यंत सगळ्यांना थांबवलं. "ही गाडी नाय. ही टू-व्हीलर."

"टू-व्हीलर म्हणजे गाडीच ना, आबा. नंबर आहे, पीयूसी आहे, इन्शुरन्स आहे."

"इन्शुरन्स माझ्या म्हशीचाबी हाये. सोडतील का तिला?"

पोरगा हसला. मागे चहाच्या टपरीवर उभे असलेले दोघे ट्रकवालेही हसले. मी नियम माहीत असल्याचं सांगितलं: दुचाकीला आणि रिक्षाला वर बंदी आहे, गाड्या १२०च्या वेगाने जातात, सगळं मान्य. पण मला वर जायचंच नव्हतं. मला एक वृद्ध गृहस्थ आणि एक संत्र्यांची पेटी खाली आणायची होती.

"आसं समदेच म्हनत्यात," आबा म्हणाले. "मग एकदा आत गेला की थेट नागपूर."

स्कूटरवर. नागपूर.

यानंतर आबांनी मला रस्ता समजावून सांगितला. ७०१ किलोमीटर, १० जिल्हे, ३९२ गावं, १२० मीटर रुंदी. पाढे म्हणावेत तसं एका सुरात. कारला टोल किलोमीटरला २ रुपये ६ पैसे, हे तर पैशासकट. "आन् हरणं, नीलगायी, त्यांच्यासाठी वरून पूल हायेत, खालून भुयारं हायेत. जनावराची सोय केली सरकारनं."

"आणि माणसाची?"

"मानसानं गाडी घ्यावी."

मी विचारलं, आबा, तुमची जमीन गेली का यात? तेव्हा पहिल्यांदा त्यांचा हात शेंगांत थांबला. "माझी न्हाई गेली. चुलतभावाची गेली. रस्ता आला तो बरोब्बर त्याच्या वावरातून, माझा बांध सोडून." सोडलेलं अंतर त्यांनी दोन हात पसरून दाखवलं. "पाचपट भाव भेटला त्याला. स्कॉर्पिओ घेतली. ती गाडी." २०१७ मध्ये सिन्नर तालुक्यातल्याच शिवड्यात लोक जमीन देणार नाही म्हणून रस्त्यावर उतरले होते, ते मी पेपरात वाचलेलं. आबांची कथा मात्र कुठल्याच पेपरात आली नव्हती. "तिकडं लोकं नको नको म्हनत व्हती, आन् मी इकडं मोजणीवाल्याला चहा पाजत व्हतो, म्हनलं बाबा, जरा सरकव की रेघ."

सरकवली नाही. तेव्हापासून आबा इथे बसून कोण आत जातो आणि कोण नाही यावर लक्ष ठेवतात, हे पोराने मला हळूच सांगितलं. पगार नाही. ड्युटी मात्र पोराच्या आधी सुरू होते.

"तुमी नाशिकचं ना?" आबा पुन्हा रंगात आले. "तुमाला रस्ता न्हाईच. नाशिक जिल्ह्याला हाये. नाशिकला न्हाई."

हे मात्र जिव्हारी लागलं, कारण खरं होतं. सिन्नर आणि इगतपुरी तालुक्यांतून रस्ता गेला, शहर बाजूला राहिलं. आम्ही नाशिककर या रस्त्यावर चढायला एक तर इकडे गोंद्याला येतो, नाहीतर मुंबई-आग्रा रस्त्याने घोटीकडे जातो. त्यात मुंबई रस्त्यावर वाडीवऱ्हेजवळ आणखी एक गोंदे आहे, कारखान्यांचं. समृद्धीवर चढायला निघालेले कितीतरी लोक तिथे जाऊन उभे राहतात आणि फोनवर भांडतात. आमचं सगळं असंच. मुंबई-आग्रा रस्त्याला पिढ्यानपिढ्या आम्ही नॅशनल हायवे तीन म्हणत आलो. २०१० मध्ये देशभरच्या महामार्गांचे नंबर नव्याने वाटले, तेव्हा आमचा तीन उचलून अटारीहून लेहला जाणाऱ्या रस्त्याला दिला आणि आम्हाला कसाऱ्याकडे १६०, धुळ्याकडे ६०. नंबर गेला, खड्डे राहिले. नाशिकच्या द्वारका चौकात तासभर अडकलेल्या माणसाला लेहमध्ये आपल्या नंबरचा रस्ता आहे याचं किती समाधान मानता येईल?

बरं, रस्त्यांचं कौतुक आम्हाला नवं नाही. पाथर्डी फाट्याजवळ पांडवलेण्यांत एक शिलालेख आहे. नहपान नावाच्या क्षत्रप राजाच्या जावयाने, उषवदाताने, सुमारे १९०० वर्षांपूर्वी तापी, दमणगंगा अशा सहा नद्यांवर प्रवाशांसाठी फुकट नावा ठेवल्या, धर्मशाळा बांधल्या, त्याची ती नोंद. जावयाने! आणि हा जावई एका रॅम्पवरून एक म्हातारा उचलू शकत नव्हता. प्रभू रामचंद्र पंचवटीला पायी आले हे एक बरं झालं. पण पायी लोकांनाही वर बंदीच आहे म्हणा.

एवढ्यात मामांचा फोन. "जावईबापू, काहून येऊन नाही राहिले? मी उन्हात उभा आहो ना जी!"

मी परिस्थिती सांगितली. "स्कूटर?" मामा म्हणाले आणि इतका वेळ गप्प राहिले की फोन कट झाला असं वाटलं.

आबांनी माझ्या हातातून फोन घेतला. "पाव्हनं, माझं ऐका. माझ्या पुतन्याचा पिकअप हाये. तो इथून आत जाईल, तुमाला घेईल, भरवीरला उतरेल आन् घोटी-सिन्नर करून परत इथं सोडंल. हजार रुपये आन् टोल." दोनशे पावलांवरच्या माणसाला आणायला आबांनी दोन तालुक्यांची प्रदक्षिणा आखली होती, आणि मला ती क्षणभर पटलीही.

मामांना नाही पटली. ते पेटी डोक्यावर घेऊन रॅम्पवरून चालत निघाले. टोलच्या लेनमध्ये एका कांद्याच्या ट्रकसाठी दांडा वर झाला, तेवढ्यात ट्रकच्या मागोमाग तेही बाहेर. केबिनमधल्या मुलीने काचेतून बघितलं, आपल्या मशीनवर असं वाहन नाही हे तिच्याही लक्षात आलं असावं. पोराने शिट्टी तोंडाला लावली आणि आबांकडे बघितलं. आबांनी मान हलवली. सोडलं.

वर मामांनी आबांना चार संत्री काढून दिली. मला अजून एकही मिळालेलं नाही. पेटी सासूबाईंकडे गेली.

पेटी पुढे पायाशी, मामा मागे, बॅग मामांच्या मांडीवर, असे आम्ही नाशिककडे निघालो. मोहदरी घाट उतरताना मागून आवाज आला, "हा रस्ता बेकार आहे जावईबापू. तुम्ही समृद्धीनं काहून नाही जात?"

आता रविवारी त्यांना इगतपुरीचा तो जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा बघायचाय. गॅरेजवाला म्हणतो कार मंगळवारी देतो. मी कालपासून खोकायला सुरुवात केली आहे.