खुलासा : 'मानापमान'च्या चाली भास्करबुवांच्या नव्हेत

गायक-संगीतकार भास्करबुवा बखले यांच्या फोटोसह एक मेसेज सध्या नाट्यसंगीताच्या ग्रुपांवर फिरतोय. त्यात म्हटलंय की 'मानापमान' आणि 'स्वयंवर' या दोन्ही नाटकांचं संगीत बुवांचं, आणि त्यांची सगळी हयात नाटक कंपनीतच गेली.

'स्वयंवर' (१९१६) बुवांचंच. 'मानापमान' (१९११) मात्र संगीतकार गोविंदराव टेंब्यांचं. टेंब्यांनी आपल्या आठवणींत त्याबद्दल लिहून ठेवलंय. दोन्ही नाटकं नाटककार कृ. प्र. खाडिलकरांची आणि दोन्हींत बालगंधर्व, त्यामुळे गल्लत होणं साहजिक आहे. पण कानाला फरक कळतो. 'मानापमान'मध्ये पूरब अंगाची (बनारस-लखनौकडच्या ढंगाची) ठुमरी-दादऱ्याची लचक आहे. 'स्वयंवर'मध्ये रागदारी ठाय (संथ लयीत) उभी राहते : 'नाथ हा माझा' यमनमध्ये, 'मम आत्मा गमला' बिहागमध्ये.

'सगळी हयात कंपनीत' हेही खरं नाही. बुवा लहानपणी किर्लोस्कर मंडळी या नाटक कंपनीत होते, 'रामराज्यवियोगा'त कैकेयी करायचे. आवाज फुटला आणि कंपनीतली किंमत संपली. मग बडोद्याला फैजमहंमद खाँ, पुढे नत्थन खाँ, अल्लादिया खाँ या उस्तादांकडे लांबलचक तालीम झाली. धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात त्यांनी गाणं शिकवलं, आणि १९११ साली पुण्यात भारत गायन समाज ही गाणं शिकवणारी संस्था काढली. गायक-संगीतकार मास्तर कृष्णराव त्यांचेच शिष्य. माझ्या मते बुवांची खरी कामगिरी ही शिकवण्याचीच. पण मेसेजात नेमका तिचाच उल्लेख नाही.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.