दाजींना पोहता येतं

"पोहता येतं ना?" या प्रश्नाला मी "हो" म्हणालो, ते १९८६ सालच्या भरवशावर. त्या मे महिन्यात मामाने कमरेला वाळका भोपळा बांधून मला आजोळच्या विहिरीत ढकललं होतं आणि मी बुडालो नव्हतो. खरं तर बुडाला नव्हता तो भोपळा. पण ते श्रेय मी तेव्हापासून स्वतःकडेच ठेवलं आहे.

विचारणारा माझा मेव्हणा. त्याचा प्रत्येक रविवार कुठल्या ना कुठल्या डोंगरावर जातो. आपल्या बहिणीने लिफ्टची वाट बघणाऱ्या माणसाशी लग्न केलं, हे त्याला अजून पचलेलं नाही. "दाजी, देवकुंड धबधब्याला जाऊ. नुसतं चालायचं आणि मग डुंबायचं." पावसाळ्यात तिथे बंदी असते, असं मी मोठ्या आशेने म्हणून पाहिलं. "म्हणून तर ऑक्टोबरात चाललोय," तो म्हणाला.

पहाटे पुण्याहून निघालो. मुळशीच्या धरणापाशी मेव्हण्याने सेनापती बापटांचा १९२१चा सत्याग्रह सांगितला. तो तिथे दर वेळी सांगतो. मी मात्र पाण्याकडे बघत होतो. मूळचं हे पाणी मुळा, भीमा, कृष्णा असं रमतगमत बंगालच्या उपसागराला जाणारं. टाटांनी ते अडवून घाटाखाली भिऱ्याला उतरवलं. तिथे १९२७ पासून त्याची वीज होते आणि मग कुंडलिकेतून ते अरबी समुद्राला जातं. म्हणजे ताम्हिणी घाट उतरायला त्यालाही जबरदस्तीच करावी लागली. पण त्याला निदान नळ होते.

आम्हाला पाय होते. वाट एका बाजूने साधारण सहा किलोमीटर. जंगलात माणसं चुकतात, म्हणून गावातला वाटाड्या बरोबर घ्यायचा. आमचे वाटाडे मामा साठीचे असावेत. कमरेला आकडीत कोयता, पायात रबरी चपला. माझ्या पायात ४,८०० रुपयांचे बूट होते. दुकानातल्या पोराने "सर, याची ग्रिप बघा" असं म्हणून मला तळवे दाखवले होते. पहिल्याच ओढ्यात, शेवाळावर, ते तळवे मी सगळ्यांना दाखवले. मामांनी उठवायला हात दिला, पण चेहऱ्यावरची रेषही हलवली नाही. त्यांनी हसून घेतलं असतं तर बरं झालं असतं.

सुरुवातीला भिऱ्याच्या धरणाच्या पाण्याकडेने वाट सपाट आहे, पण वारं नावाला नाही. ऑक्टोबरात सह्याद्रीच्या या बाजूची हवा ओल्या गोधडीसारखी अंगावर येऊन पडते. मार्च २०१७ मध्ये भिऱ्याला ४६.५ अंश तापमान नोंदलं गेलं, आणि मग ते मोजमाप बरोबर की चूक यावर वाद झाला. वाद घालणाऱ्यांना कुणी या वाटेने चालवलेलं दिसत नाही.

"मामा, अजून किती?"

"अर्धं झालं."

अर्ध्या तासाने पुन्हा विचारलं. "अर्धं झालं." मग झाडी दाट झाली, दोन ओढे झाले, बायको पुढे निघून गेली (ती मला ओळखत नसल्यासारखी चालत होती), माझं पाणी संपलं, आणि तिसऱ्यांदा अर्धं झालं. अर्ध्याचं अर्धं, त्याचं पुन्हा अर्धं, या हिशेबाने माणूस कुंडापर्यंत कधीच पोचत नाही. हे मी मेव्हण्याला समजावून सांगणार होतो, पण बोलायला श्वास लागतो.

शेवटी मोठमोठे दगड चढून वर आलो आणि समोर देवकुंड. भोवती काळा कडा, वरून पडणारी पांढरी धार, खाली हिरवंगार पाणी. कुंडलिकेचा उगम इथेच, असं मानतात. मी अगदी गप्प उभा राहिलो. सौंदर्याने भारावलो असं बायकोला वाटलं. वाटू दिलं.

मग लाइफ जाकीट आलं. नारंगी, आधीच्या माणसाच्या घामाने ओलं, आणि बंद लावले की वर सरकून थेट कानांना भिडणारं. पाण्यात एक दोर बांधला होता, त्याच्या पलीकडे जायचं नाही. मी अंगठा बुडवला. तासाभरापूर्वी ज्या गारव्यासाठी मी पगार द्यायला तयार होतो, तो इतका सगळा एकदम नको होता. गुडघ्यापर्यंत ठीक होतं. कमरेपर्यंत जाताना तोंडातून जो आवाज निघाला, तो कड्यांनी दोनदा परत केला. पुढचा दगड पायाखालून निसटला आणि मी पोहायला लागलो.

म्हणजे जाकीट पोहायला लागलं. मी त्याच्या आत होतो. हात मारले की उलटा फिरायचो, पाय मारले की तिथेच राहायचो. इतक्या वर्षांनी भोपळ्याची आठवण दाटून आली. मेव्हणा काठावरून ओरडला, "दाजी, इकडे बघा, फोटो!" इकडे बघणं माझ्या हातात नव्हतं. हळूहळू, पाठमोरा, मी दोराकडे निघालो होतो.

काठावरच्या दगडावर मामा तंबाखू मळत बसले होते. सगळं आलबेल आहे असं दिसावं म्हणून मी ओरडून विचारलं, "मामा, तुम्ही नाही का उतरत पाण्यात?"

"उतरतो की," मामा म्हणाले. "कुणाला काढायचं असलं म्हणजे."

मग तंबाखू दाढेखाली ठेवून त्यांनी पायांतल्या चपला काढल्या, शेजारी नीट जोडून ठेवल्या, आणि माझ्याकडे बघत बसले.